रामाकोन्यातले काम आणि रियाधमधली नोकरी

दिवाळी आटोपते न आटोपते तोच सातपुड्याच्या दक्षिण उतारावर कापसाची बोंडे फुटू लागतात. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, सौसर मागे टाकले की रामाकोना लागते. राज्य मध्य प्रदेश, जिल्हा ऑक्टोबर २०२३ पासून नवा पांढुर्णा आणि घराघरांतली बोली मराठी. या दिवसांत इथल्या शेतांत पहाटेपासून दिसतात त्या बहुतांशी स्त्रिया. कमरेला ओटी बांधून त्या ओळीने पुढे सरकतात, वेचलेला कापूस संध्याकाळी तोलला जातो आणि मजुरी किलोवर ठरते. ज्येष्ठ-आषाढात सरकी टोबली तीही त्यांनीच, श्रावण-भाद्रपदात निंदण केले तेही त्यांनीच. शेत घरचे असेल तर या कामाची मजुरी नसते. दुसऱ्याचे असेल तर असते. काम मात्र तेच.

या स्त्रीला एखाद्या पाहणीदाराने दारात उभे राहून विचारले, की आपण काय करता, तर पुष्कळदा उत्तर येते, ‘घरीच असते.’ हे उत्तर खोटे नाही. ज्या कामाला स्वतंत्र वेळ नाही, स्वतंत्र जागा नाही आणि हाती येणारा पैसा नाही, ते काम म्हणून सांगायचे कसे, हा तिच्यापुढचा खरा प्रश्न असतो. देशातील किती स्त्रिया श्रमशक्तीत आहेत हे सांगणारा आकडा या उत्तराच्या पुढे पाहणीदार किती खोदून विचारतो यावर बराचसा अवलंबून आहे. ‘महिलांचा सहभाग वाढला’ किंवा ‘घटला’ असे मथळे वाचताना त्यामुळे आधी मोजणीचा मामला समजून घ्यावा लागतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची नियतकालिक श्रमशक्ती पाहणी २०१७-१८ पासून सुरू आहे. तिच्या ‘नेहमीच्या स्थिती’च्या व्याख्येनुसार गेल्या ३६५ दिवसांत माणसाने जास्त काळ काय केले हे आधी पाहिले जाते. त्याखेरीज किमान ३० दिवस एखादे आर्थिक काम केले असेल तर तेही दुय्यम काम म्हणून धरले जाते. महिनाभर कापूस वेचणारी बाई या हिशेबाने कामगार ठरते. घरच्या शेतात विनामोबदला राबणारीही ठरते. तिच्यासाठी ‘कौटुंबिक उद्योगातील मदतनीस’ अशी वेगळी वर्गवारी आहे. पण केवळ घरकाम करणारी, किंवा घरकामासोबत सरपण गोळा करणारी, गुरांसाठी चारा आणणारी, घरच्यांचे कपडे शिवणारी बाई ९२ आणि ९३ या दोन सांकेतिक क्रमांकांत जाते आणि श्रमशक्तीबाहेर राहते. चारा आपल्याच दावणीच्या म्हशीसाठी आणला तर ९३. त्याच म्हशीच्या धारा काढून दूध विक्रीला गेले तर ती कामगार. एका दुपारच्या दोन कामांमधून ही रेषा जाते.

या पाहणीनुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचे श्रमशक्तीतील प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेले. ग्रामीण भागात तर २४.६ वरून ४७.६ टक्के. सहा वर्षांत जवळपास दुप्पट वाढ जगात फारशी कुठे दिसत नाही. मात्र या वाढीच्या पोटात शिरले की चित्र बदलते. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या ग्रामीण स्त्रियांपैकी ७३.५ टक्के स्वयंरोजगारात होत्या, आणि एकूण काम करणाऱ्यांच्या ४२.३ टक्के या बिनपगारी मदतनीस होत्या. नियमित पगाराची नोकरी जेमतेम ७.८ टक्क्यांकडे होती. २०१७-१८ मध्ये हेच प्रमाण १०.५ टक्के होते. म्हणजे स्त्रिया आकड्यांत आल्या, परंतु त्यांतल्या फार मोठ्या भागाच्या हाती त्या कामाचा पैसा आला नाही. काहींनी करोनाच्या काळात शहरातील रोजगार गेल्यावर शेतीकडे धाव घेतली असेल, काही ठिकाणी पूर्वीपासून चाललेले कामच आता अधिक काळजीने नोंदले गेले असेल. दोन्ही कारणे संभवतात आणि दोन्हींत आनंदोत्सव करावा असे थोडेच आहे.

रामाकोन्यातल्या स्त्रीची ही अवस्था लक्षात ठेवून अरब देशांकडे पाहिले तर नेमके उलटे दृश्य दिसते. जगभरात श्रमशक्तीतील स्त्रियांचे प्रमाण साधारण निम्म्याच्या आसपास आहे. अरब प्रदेशात ते सरासरीने पाचात एक इतकेच भरते. जॉर्डनमध्ये १४-१५ टक्के, इराकमध्ये त्याहूनही कमी. आणि जॉर्डनची गोष्ट अशी, की तिथल्या विद्यापीठांत मुलींची संख्या मुलांपेक्षा अधिक आहे. पदवी घेऊन त्या घरी बसतात. रामाकोन्यात शाळा अर्ध्यावर सोडलेली बाई राबते आणि मिळकत नाही. अम्मानमध्ये अभियंता झालेली मुलगी नोकरीच्या बाजारात उतरतच नाही. पांढुर्ण्याच्या वाटेवरचे गाव आणि अम्मान यांची तुलना म्हणूनच उपयोगी पडते. सहभागाचा आकडा एकटा घेतला तर दोन्हीकडे फसवतो.

आखातातील काही देशांचे आकडे मात्र बरे दिसतात. कुवेत आणि कतार येथे स्त्रियांचे प्रमाण अरब सरासरीच्या पुष्कळ वर आहे. पण त्या मोजणीत परदेशातून घरकामासाठी गेलेल्या हजारो स्त्रियाही येतात. गोव्यातल्या कितीतरी घरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण कुवेतच्या घरांत मुले सांभाळून इथले घर चालवणाऱ्या बायका या राज्याने पिढ्यान्पिढ्या पाहिल्या आहेत. स्वतःच्या घरात केलेला स्वयंपाक श्रमशक्तीबाहेर, तोच कुवेतमध्ये परक्याच्या घरात केला तर श्रमशक्तीत. सांख्यिकीची रीत तिथेही हीच आहे.

अरब स्त्रिया कामात कमी का, याचे उत्तर धर्म असे पटकन दिले जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ मायकेल रॉस यांनी २००८ मध्ये या समजुतीला आव्हान दिले. त्यांचे म्हणणे असे, की दोष तेलाचा अधिक आहे. तेलातून पैसा आला की पुरुषाचे वेतन आणि सरकारी लाभ वाढतात, घरात दुसऱ्या मिळकतीची निकड उरत नाही. दुसरीकडे, चलन महाग झाल्याने कापड-कपड्यांसारखे निर्यात उद्योग उभे राहत नाहीत, आणि जगभर स्त्रिया प्रथम घराबाहेर पडल्या त्या याच उद्योगांतून. शेजारी शेजारी असलेल्या अल्जीरिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया यांची तुलना त्यांनी मांडली. धर्म तोच, वसाहतीचा इतिहास बराचसा सारखा; पण तेल नसलेल्या मोरोक्को-ट्युनिशियात कपड्यांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांत स्त्रिया गेल्या. रॉस यांच्या मतावर वाद झाले, ते अजून मिटलेले नाहीत. तेल नसलेल्या जॉर्डनचे काय, हा त्यांतला साधा प्रश्न. त्याचे एक उत्तर असे दिले जाते, की आखातात गेलेल्या पुरुषांनी पाठवलेला पैसाही घरात तेलासारखाच वागतो.

हे वाक्य गोव्यात वाचताना थोडे थांबावेसे वाटेल. खनिज, पर्यटन आणि परदेशातून येणारा पैसा यांवर उभी राहिलेली ही अर्थव्यवस्था. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील स्त्रियांची साक्षरता सुमारे ८५ टक्के होती, मध्य प्रदेशात ती ५९ टक्क्यांच्या आसपास होती. तरीही श्रमशक्तीतील सहभागात गोव्यातील स्त्री राष्ट्रीय सरासरीच्या मागे राहते. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी हा प्रवास इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा असल्याचे दाखवले आहे. समाज शेतीवर असतो तेव्हा स्त्रिया मोठ्या संख्येने राबतात. घरची परिस्थिती सुधारते, शेती सुटते, तेव्हा त्या घरात जातात. पुढे शिक्षण आणि कार्यालयीन कामे वाढली की पुन्हा बाहेर येतात. रामाकोना या वळणाच्या डाव्या टोकावर आहे, गोवा बऱ्याच अंशी तळाशी. उजवी चढण आपोआप येते असे मात्र कुणी समजू नये. अम्मानच्या पदवीधर मुली तेच सांगत आहेत.

या चढणीवर अलीकडे सर्वांत वेगाने गेलेला देश सौदी अरेबिया आहे, हे अनेकांना चमत्कारिक वाटेल. २०१७ च्या सुमारास सौदी नागरिक स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २० टक्क्यांच्या आत होता. ‘व्हिजन २०३०’ या आराखड्याने २०३० साठी ३० टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले. ते २०२२ पर्यंतच मागे पडले, प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर गेले आणि उद्दिष्ट ४० टक्क्यांवर न्यावे लागले. सुरुवात छोट्या गोष्टीपासून झाली होती. स्त्रियांची अंतर्वस्त्रे विकणाऱ्या दुकानांत पुरुष विक्रेते असत. २०११ च्या राजाज्ञेनंतर तिथे स्त्रियाच नेमाव्यात असा नियम आला. ज्या समाजात स्त्री-पुरुषांनी एकत्र काम करण्यास विरोध होता, तिथे त्याच संकोचाचा आधार घेऊन स्त्रियांना दुकानाच्या गल्ल्यामागे बसवले गेले. २४ जून २०१८ रोजी वाहन चालवण्यावरील बंदी उठली. त्याच वर्षी पालक पुरुषाच्या संमतीविना व्यवसाय नोंदवण्याची मुभा मिळाली, आणि २०१९ मध्ये २१ वर्षांवरील स्त्रीला स्वतःच्या सहीने पारपत्र काढता येऊ लागले.

कायद्यांबरोबर दोन व्यवहारी योजनाही होत्या, त्या अधिक शिकण्यासारख्या आहेत. ‘वुसूल’ या योजनेत नोकरीला जाणाऱ्या स्त्रीच्या टॅक्सीभाड्याचा मोठा हिस्सा सरकार उचलते. ‘कुर्रा’ या योजनेत पाळणाघराच्या खर्चाला साहाय्य मिळते. नोकरीची इच्छा आणि नोकरी यांच्यामध्ये प्रत्यक्षात जे उभे असते, ते रस्ता आणि मूल, हे तिथल्या नियोजनकारांनी ओळखले. या सुधारणांना काळी बाजूही आहे. वाहन चालवण्याचा हक्क मागणाऱ्या लुजैन अल हथलूल आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांना बंदी उठण्याच्या काही आठवडे आधी, मे २०१८ मध्ये, अटक झाली. लुजैन यांची सुटका फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली. हक्क राजाने द्यावा, स्त्रीने मागू नये, असा तो संदेश होता.

रस्ता आणि मूल हे दोन अडसर सौसर तालुक्यालाही चांगले ठाऊक आहेत. तालुक्यातच बोरगाव औद्योगिक क्षेत्र आहे, रेमंडसारख्या कंपनीची कापड गिरणी तिथे आहे. रामाकोन्यातून कारखान्याकडे पाहिले तर अंतर फार नाही. पण पाळी रात्री सुटत असेल, बस वेळेवर नसेल, तर ते अंतर बाईसाठी अनेक पटींनी वाढते. नागपूर-छिंदवाडा अरुंदमापी रेल्वे २०१५ नंतर रुंदीकरणासाठी काही वर्षे बंद होती. पुरुष मोटारसायकल काढून गेले. ज्यांच्या नावे वा हाती वाहन नव्हते त्यांच्यासाठी गाडी नसणे म्हणजे कामच नसणे.

पाळणाघराचा कायदा तर आपल्याकडे १९४८ पासून आहे. कारखाने अधिनियमाच्या कलम ४८ नुसार ३० पेक्षा अधिक स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर बंधनकारक होते. हेतू चांगला, पण मालकाच्या बाजूने हिशेब करून पाहावा. एकतिसावी स्त्री नेमली की खर्च, न नेमली की नाही. जॉर्डनचा कायदाही असाच होता. तिथे २० स्त्रियांची अट होती. स्त्रियांच्या संघटनांनी पाठपुरावा केल्यावर २०१९ मध्ये ती बदलली आणि कर्मचारी स्त्री असो वा पुरुष, त्यांची पाच वर्षांखालील मुले १५ झाली की पाळणाघर हवे, असे ठरले. मूल आईबरोबर बापाचेही आहे, हे एका संख्येच्या बदलाने कायद्यात आले. भारतातही २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने आणि नंतरच्या कामगार संहितांनी ५० कर्मचाऱ्यांची, स्त्री-पुरुष न पाहता, अट आणली आहे. मात्र त्याच दुरुस्तीने २६ आठवड्यांच्या भरपगारी रजेचा सारा भार मालकावर ठेवला, त्यामुळे तरुण स्त्रीला नोकरी देताना हात आखडण्याचे कारण एका दाराने गेले ते दुसऱ्या दाराने परत आले. आणि शेतात वेचणीला जाणाऱ्या बाईला यांतले काहीच लागू नाही. तिचे मूल बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत असते.

कारखाना नाही तर उद्योग, असा दुसरा मार्ग दाखवला जातो. २०११ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियान सुरू झाल्यापासून मध्य प्रदेशातील गावागावांत स्त्रियांचे बचत गट उभे राहिले, आणि सावकाराच्या व्याजातून त्यांनी पुष्कळ घरे सोडवली हे मान्य करायला हवे. पण गटातून मिळालेले कर्ज बियाण्यात, दवाखान्यात, लग्नात जाते तेव्हा त्याला उद्योग म्हणता येत नाही. कर्ज बाईच्या नावे, ते जिरते ते शेत नवऱ्याच्या नावे, आणि हप्ता मात्र पुन्हा बाईच्या मजुरीतून. सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३-१४) देशातील आस्थापनांपैकी स्त्रियांच्या मालकीची १४ टक्क्यांच्या आत होती आणि त्यांतल्या सुमारे ८३ टक्के आस्थापनांत एकही पगारी माणूस नव्हता. शिवणयंत्र, पिठाची गिरणी, पापड-कुरडया, दोन शेळ्या. जिथे बाजार लहान तिथे दहा घरांत दहा शिवणयंत्रे आली तर प्रत्येकीच्या वाट्याला ब्लाउजही पुरत नाहीत.

संत्र्याचेच पाहा. सौसर-पांढुर्ण्याची संत्री नागपूरच्या बाजारात जातात. आंबिया बहराचे फळ ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरते, मृगाचे फेब्रुवारीनंतर. बहुतेक बागा फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याला दिल्या जातात. तोडणी, निवड, भराई, वाहतूक आणि भाव, सारे त्यानंतर व्यापाऱ्याचे. फळ निवडण्याच्या आणि भरण्याच्या कामात बायका मजूर म्हणून येतात. ज्या टप्प्यांवर फळाची किंमत वाढते तिथे त्यांचा हात आहे, हिस्सा नाही. बचत गटाला मुरंबा शिकवून हा प्रश्न सुटत नाही. माल गोळा करणे, प्रतवारी करणे आणि ठरलेल्या भावाने विकणे हे कुणीतरी हाती घ्यावे लागते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाचे यश चवीत आहे तितकेच या व्यवस्थेत आहे. पीठ केंद्रावर मळले जाते, पापड घरी लाटले जातात, परत आणल्यावर पैसे मिळतात, विक्रीची काळजी लाटणारीला नसते, आणि अनेक केंद्रांवर बायकांना आणण्या-सोडण्यासाठी गाडी असते. रियाधची ‘वुसूल’ योजना यायच्या कितीतरी आधी ही गोष्ट गिरगावच्या बायकांना उमगली होती.

या साऱ्याच्या मुळाशी जमीन येते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील शेतजमिनी कसणाऱ्या खातेदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्के. सौसर तालुक्याच्या बाबतीत यात इतिहासाचा एक खोडा आहे, तो फारसा बोलला जात नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौसर मध्य प्रदेशात राहिले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला. मध्य प्रदेशाने अशी दुरुस्ती केली नाही. त्यामुळे सावनेरची मुलगी आणि काही कोसांवरची सौसरची मुलगी, बोली एक, पीक एक, कित्येकदा कुळही एक, पण ११ वर्षे त्यांचे हक्क वेगळे होते. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्रीय दुरुस्ती लागू झाली तेव्हा ही रेषा पुसली गेली, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केले. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे मुलीचा वाटा आणि पत्नीचा अर्धा हिस्सा फार पूर्वीपासून आहे, घर-जमीन विकताना तिची सही लागते. तिथे कागद आहे, शेतीतले काम सुटले आहे. रामाकोन्यात काम आहे. कायद्याने आता हक्कही आहे, पण भावाशी संबंध तुटू नयेत म्हणून बहिणी हक्कसोड करून देतात, आणि सासरच्या जमिनीवर नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे असते.

मध्य प्रदेशात शेतकऱ्याजवळ ‘भू-अधिकार व ऋणपुस्तिका’ नावाची वही असते. किसान क्रेडिट कार्ड त्या वहीवर मिळते, हमीभावाच्या खरेदीसाठी नोंदणी जमिनीच्या त्याच कागदांवर होते, पीक बुडाल्यावर भरपाईही त्यांतल्या नावाने येते. ‘लाडली बहना’ योजनेतून जून २०२३ पासून राज्यातील स्त्रियांच्या खात्यात थेट रक्कम जमा होऊ लागली, आधी दरमहा १,००० आणि त्याच वर्षी १,२५० रुपये. अनेकींच्या खात्यात नियमाने येणारा तो पहिला पैसा होता. परंतु तो सरकारने दिलेला आहे, कापसाचा नाही. तिने टोबलेल्या, निंदलेल्या आणि वेचलेल्या कापसाचा चुकारा, वही ज्याच्या नावे आहे त्याच्या खात्यात जातो.